सव्वाचार, पावणेपाच वगैरे

मे महिना संपत आला की लांजा-राजापूरच्या पट्ट्यात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक, पाऊस अंदमानात पोचला का. आणि दोन, टिलरची लोखंडी चाकं कुणाकडे आहेत. पहिल्याचं उत्तर टीव्हीवर मिळतं. दुसऱ्याचं उत्तर, "गेल्या साली तुमच्याकडेच तर होती," असं मिळतं आणि तिथून पुढे बोलणं वाढतं.

ज्यांनी भातखाचर फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कोकणातल्या खाचरात मोठा ट्रॅक्टर जात नाही. गेला तर वळत नाही, आणि वळलाच तर शेजाऱ्याच्या बांधावरून वळतो. त्यापुढची नांगरणी तहसील कचेरीत होते. म्हणून इथे पॉवर टिलर. दोन चाकं, पुढे बारा-तेरा हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे माती उसकटणारी पाती, आणि सगळ्यात मागे दोन दांडे धरून चालणारा मालक. मालक यंत्राला हाकतोय की यंत्र मालकाला ओढतंय, हे चिखलाच्या खोलीवर ठरतं.

कोरड्या जमिनीत रबरी टायर उत्तम चालतात. पण चिखलणीसाठी खाचरात पाणी घेतलं की टायरच्या खाचांत चिखल बसतो, टायर गुळगुळीत होतो आणि यंत्र जागच्या जागी फिरत स्वतःसाठी खड्डा खणायला लागतं. मग रबर काढायचं आणि लोखंडी कड्यांना पट्ट्या वेल्ड केलेली केज व्हील लावायची. ती तशीच डांबरी रस्त्यावर नेली तर रस्ता सोलून निघतो आणि ग्रामपंचायतीत नाव निघतं. म्हणून घरून निघताना रबर, बांधावर लोखंड, संध्याकाळी परत रबर. सारांश, या यंत्रात सगळ्यात जास्त उघडबंद होणारी वस्तू म्हणजे चाकाचे नट, आणि घरातल्या कुणालाही विचारा, सगळ्यात कमी माहिती त्यांच्याबद्दलच.

लोखंडी चाकं दुकानात तयार मिळतात. पण कोकणी माणूस ती हातात घेऊन, वजनाचा अंदाज करून, किंमत ऐकून खाली ठेवतो आणि म्हणतो, "ह्यात आहे काय? चार पट्ट्या नि दोन कडी. आपला मिस्त्री अर्ध्यात करील." हे वाक्य म्हणजे सगळ्या घरगुती शोधांची जननी. एकदा ते तोंडातून निघालं की केज व्हीलवर भागत नाही. मग टिलरला चढावर जोर यावा म्हणून चाकाच्या आत सिमेंटची गोल वजनं ओतायची असतात. हळदीचे वरंबे चाकांमध्ये यावेत म्हणून दोन चाकांतलं अंतर वाढवणारे लोखंडी ठोकळे हवे असतात. शिवाय ट्रॉली. प्रत्येक टिलरमालकाच्या डोक्यात एक ट्रॉली असते. ती बहुधा डोक्यातच असते, पण तिचे चिरे, शेणखत आणि आंब्याच्या पेट्या वाहून नेण्याचे हिशेब तयार असतात.

या सगळ्या कल्पना उड्या मारत मारत येतात आणि एका जागी अडतात. भोकं.

चाक यंत्राला धरून राहतं ते मधल्या हबवरच्या बोल्टांमुळे. तुम्ही जे काही घरी बनवाल, त्याची भोकं त्या बोल्टांवर बसली पाहिजेत. सगळ्या भोकांच्या मध्यांतून एक वर्तुळ जातं, दिसत नाही पण असतं, आणि त्याचा व्यास कळला की झालं. कारखान्यात त्याला पीसीडी म्हणतात. मिस्त्रीही पीसीडीच म्हणतो. पण तो हा शब्द गिऱ्हाईक घासाघीस करायला लागल्यावरच काढतो आणि गिऱ्हाईक गप्प होतं.

आता आपल्या माणसाचं आणि मोजमापाचं नातं पाहा. ज्या गावात हे चाललंय, तिथे वीतभर बांध सरकला म्हणून दोन पिढ्या तारखा करतात. तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर हे शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यालाही पाठ असतं. मोजणीचा दगड कुणी हलवला हे तो अंधारात पायाने सांगेल. तोच म्हातारा चाकाची भोकं किती अंतरावर आहेत विचारल्यावर हवेत दोन हात धरतो आणि म्हणतो, "एवढी." आणि गंमत म्हणजे मग ते हात तसेच धरून मिस्त्रीकडे निघण्याची त्याची खरोखर तयारी असते.

शेवटी टेप आणली जाते. प्रत्येक घरात एक टेप असते आणि तिचा सुरुवातीचा इंच झिजून गेलेला असतो. टोकाची पत्र्याची नखी थोडी ढिली असते, आणि ती मुद्दाम ढिली ठेवलेली असते. नखीच्या स्वतःच्या जाडीएवढीच ती पुढेमागे सरकते, म्हणजे बाहेरून अडकवून ओढा किंवा आतून टेकवून दाबा, माप बरोबर येतं. फार हुशारीची रचना आहे. पण "नवीन टेप नि नखी हलते? फसवणूक!" असं म्हणून घरातल्या एखाद्या काकांनी तिला हातोडीचे दोन ठोके दिलेले असतात. आता नखी हलत नाही. मापं हलतात.

टिलरभोवती माणसं जमतात. टिलर दुरुस्तीला आलेला असो वा नसो, उघडं इंजिन दिसलं की कोकणात माणसं उगवतात. पहिला एका भोकाच्या आतल्या कडेला टेप लावून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत मोजतो आणि जाहीर करतो, "पावणेचार." दुसरा त्याला बाजूला सारतो, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजतो: "पावणेपाच, नि वर अर्धं सूत." तिसरा मुंबईत कापडगिरणीत फिटर होता, त्याला ठाऊक आहे की मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं असतं, आणि भोकाचा मध्य हवेत असतो, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्याही डाव्याच कडेपर्यंत मोजायचं, हेही ठाऊक आहे. तो शास्त्रशुद्ध मोजतो आणि चष्मा वर करून सांगतो, "सव्वाचार." सगळे मान डोलावतात. फिटर म्हणाला म्हणजे सव्वाचारच.

आणि ते चूक असतं. व्यास असतो साडेचार इंच.

इथे भानगड अशी की तिघांनीही आपापलं माप बरोबर घेतलंय. चूक आहे ती "समोरच्या भोकापर्यंत" या दोन शब्दांत. चाकाला पाच भोकं आहेत, आणि पाचात कुणीच कुणाच्या समोर नसतं. पाच जणांची पंगत गोलात बसवून बघा: तुमच्या पानासमोर दोघांच्या मधली फट येते, वाढपी तिथूनच आत शिरतो. चाकाचंही तेच. ज्याला आपण समोरचं भोक समजतो ते जरा बाजूचं असतं, आणि त्याचं अंतर व्यासापेक्षा थोडं कमी भरतं. साडेचार इंची वर्तुळावर ते भरतं चार इंच, दोन सूत आणि वर किंचित. फिटरकाकांचं सव्वाचार. चार भोकं असती, सहा असती, तर समोरासमोर मोजून सगळे दुपारी जेवायला मोकळे झाले असते. पाच भोकांचं चाक ज्याने पहिल्यांदा काढलं त्याने यंत्रशास्त्राच्या दृष्टीने उत्तमच केलं असेल. गावकीच्या दृष्टीने बघवत नाही.

उपाय सोपा आहे आणि तो गर्दीच्या मागे उभा असतो. रत्नागिरीला डिप्लोमा करणारा पुतण्या. तो म्हणतो, "काका, शेजारशेजारच्या दोन भोकांचं अंतर घ्या, मध्य ते मध्य. त्याला एक पूर्णांक सातने गुणा. आला व्यास."

"एक पूर्णांक सातनेच का?"

"साइन छत्तीस अंश, काका. त्याने भागायचं. म्हणजे गुणिले एक पॉइंट सात शून्य एक."

यानंतरची शांतता ज्याने अनुभवली नाही त्याला शिक्षणाची ग्रामीण महाराष्ट्रातली स्थिती कळणार नाही. पोरगा बरोबर आहे. एक भोक सोडून पुढच्याचं अंतर घेतलं, म्हणजे काकांचंच सव्वाचार आणि किंचित, आणि त्याला एक पूर्णांक पाच शतांशाने गुणलं, तरी तेच साडेचार येतं. पण इथे टेपने दाखवलेल्या आकड्याला कशाने तरी गुणायचं ही सूचनाच लोकांना लबाडीची वाटते. "टेप काय खोटं बोलते?" असा सवाल येतो. शिवाय पोरग्याच्या मिश्या अजून फुटलेल्या नसतात. मिश्या असत्या तर साइनचा विचार झाला असता.

मग मिस्त्री. मिस्त्रीचं वर्कशॉप म्हणजे हायवेलगतची पत्र्याची शेड: एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंगचा सेट आणि बाहेर भंगाराचा ढीग, ज्यातली कुठलीही वस्तू "उद्या लागेल" म्हणून विकायची नसते. मिस्त्रीला सव्वाचार सांगा, तो ऐकून घेतो, खडू घेतो, लिहीत नाही, आणि म्हणतो, "चाक घेऊन या."

या तीन शब्दांत अभियांत्रिकीचं सगळं शहाणपण आलं. पण चाक आणायचं म्हणजे काढायचं. काढायचं तर चारशे-पाचशे किलोचं धूड जॅकवर किंवा चिऱ्यांवर उचलायचं, आणि नट जाम झालेले असतात. गेल्या पावसाळ्यापासून कुणी हात लावलेला नसतो, गंज चढलेला. पान्याला पाइप अडकवून दोघे लटकतात. एक नट फिरतो, दुसरा फिरल्यासारखं करतो आणि त्याचे आटे जातात. मग कळतं की तो नटच मुळात वेगळ्या आट्यांचा होता. कुणीतरी कधीतरी बारा एमेमच्या बोल्टवर अर्ध्या इंचाचा नट चढवून दिलेला, आणि तो इतकी वर्षं केवळ गंजाच्या भरवशावर टिकलेला. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, हाताला दोन्ही सारखेच लागतात. गंज काढला आणि नाती तुटली.

म्हणून चाक न्यायचं टळतं आणि त्याजागी पुठ्ठा जातो. हबवर कागद धरायचा, ग्रीसने माखलेल्या अंगठ्याने भोकांच्या कडा दाबायच्या, कागदावर काळे गोल उमटतात. पद्धत वाईट नाही. खरं तर टेपपेक्षा चांगली. फक्त कागद कोणता हा प्रश्न असतो. घरात सगळ्यात जाड, ताठ आणि फुकट कागद म्हणजे लग्नपत्रिका. त्यामुळे मिस्त्रीच्या टेबलावर अमुकचा शुभविवाह, वर गणपती, खाली आहेर आणू नये ही विनंती आणि या सगळ्यावर पाच काळी वर्तुळं असा दस्तऐवज पडलेला असतो. पत्रिकेला कुंकू लागलं, हळद लागली तरी चालेल. पण पत्रिका गेली पंधरा जूनला आणि मिस्त्रीने ती काढली पंचवीस जूनला, तर मध्ये दहा दिवस आधी मृग नि मग आर्द्रा बरसलेला असतो. पुठ्ठा हवेतला ओलावा पितो आणि फुगतो. चाकाचा व्यास नक्षत्रानुसार बदलतो हा कोकणाबाहेर कुणाला न सुचलेला सिद्धान्त आहे. म्हणून माझं ठाम मत: ठसा घ्यायचाच तर पत्र्यावर घ्या. तेलाचा डबा कापा. पत्र्याला दमटपणा बाधत नाही, आणि डब्यावर कुणाचं नाव नसल्याने नातेवाईक दुखावत नाहीत.

आता मोजमापाचीच भाषा घ्या. देशाने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला 1956 साली. मिस्त्रीने तो मोडलेला नाही, फक्त आपल्या सोयीने वाटून घेतलाय. त्याच्या शेडमध्ये प्लेटची जाडी एमेममध्ये, पाइप इंचात, आणि बोल्ट हाताला लागेल तो. भोकांचं अंतर इंचात, आणि इंचाखाली सूत. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत साधारण 3.2 मिलिमीटर. "अर्धं सूत कमी", "सूतभर जास्त", "सुतात सूत" हे सगळं तो नुसत्या डोळ्यांनी बोलतो आणि बहुतेक वेळा बरोबर बोलतो. पण पाच भोकांच्या चाकाला ही भाषा फार महाग पडते. शेजारच्या दोन भोकांचं अंतर मोजताना एका सुताची चूक झाली, तर गुणाकारानंतर व्यासात ती पावणेदोन सूत होते, म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा जास्त. एवढ्यात बोल्ट शिरत नाही. पावणेदोन सुतात बांधावरून भाऊ भावाशी बोलायचा थांबतो.

सव्वाचारच्या हिशेबाने भोकं मारली की पुढचा अंक सुरू होतो. बारा एमेमची प्लेट तयार होते, हबला लावली जाते, एक बोल्ट बसतो. दुसराही बसतो, थोडा तिरका. तिसरा बघूनच घेतो. अशा वेळी "होल थोडे लांबवू या" हे वाक्य येतं. ते कुणीतरी म्हणतंच. गोल कानस येते. कानशीने होईना म्हटल्यावर गॅस कटर येतो. भोकं लांबट होतात, मग अंडाकृती होतात, मग त्यांना काही आकृती राहत नाही. सगळे बोल्ट बसतात. जाड वॉशर टाकून भानगड झाकली जाते. चाक बसलं असं जाहीर होतं आणि चहा होतो.

आता चाक आपल्या मध्याभोवती फिरत नाही, त्याच्या शेजारून कुठूनतरी फिरतं. खरं तर चांगल्या हबवर मधला गोल फुगवटा असतो, चाकाचं मधलं भोक त्यावर घट्ट बसलं तर भार तो घेतो आणि बोल्टांना फक्त धरून ठेवायचं काम उरतं. पण आपल्या प्लेटचं मधलं भोकही गॅस कटरनेच काढलेलं असतं, त्यामुळे भार घ्यायला कुणीच पुढे येत नाही. डांबरी रस्त्यावर हे चाक लावून टिलर चालवला तर मागचा माणूस दांड्यांसकट नाचतो. चिखलात मात्र काही कळत नाही. चिखलात इतकं काही हलत, उडत आणि सरकत असतं की चाक दोन-तीन सुतांनी डगमगतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. कोकणातल्या घरगुती यंत्रशास्त्राचा पाया चिखल आहे, हे मी अभिमानाने सांगतो.

फक्त दोन चाकं दोन वेगळ्या मापाची झाली तर चिखलही झाकत नाही. टिलर आपोआप लहान चाकाच्या बाजूला वळत राहतो आणि मालक दुसऱ्या बाजूची क्लचची दांडी दाबून त्याला सरळ करत राहतो. आणि उतारावर? उतारावर टिलरचा स्वभावच उलटा होतो. सपाटीला उजवी दांडी दाबली की उजवं चाक सुटतं आणि यंत्र उजवीकडे वळतं. उतरणीला सुटलेलं चाक मोकळं धावतं, आणि यंत्र डावीकडे जातं. हे माहिती पुस्तिकेत छापलेलं असतं. माहिती पुस्तिका पहिल्या आठवड्यात चूल पेटवायला गेलेली असते.

ट्रॉलीबद्दल मात्र वेगळं बोलायला हवं, कारण तिथे भंगारबाजार येतो. टिलरच्या टायरची रिम बारा इंची. जुन्या मारुती 800 ची रिमही बारा इंची. भंगारात 800 ची चाकं चिक्कार. झालं, ट्रॉलीसाठी स्वर्गातून चाकं आली. भंगारवाल्याला विचारलं, "पीसीडी किती?" तो म्हणाला, "साडेचार." गिऱ्हाईक आनंदाने वेडं झालं, कारण पुतण्याचं ऐकून या खेपेला त्यांनी हबचं मापही साडेचारच काढलेलं असतं. चाकं घरी आली. वर्तुळ तेच, व्यास तोच, सुताचाही फरक नाही. 800 च्या चाकाला भोकं चार. हबला बोल्ट पाच. भंगारवाला खोटं बोलला नव्हता. त्याला भोकं किती हे कुणी विचारलं नव्हतं.

मग कुणीतरी सुचवतो की पाच भोकं, साडेचार इंच हे माप तर इनोव्हाचं. हे खरं आहे. पण टिलरच्या ट्रॉलीला इनोव्हाची चाकं लावायची ही कल्पना घरातल्या बायकांनीच वेळीच मोडून काढली, कारण त्यांच्या मते आधी इनोव्हा हवी.

राहता राहिली जुनी जीप. विलीज घराण्यातल्या जिपांचं चाक पाचच भोकांचं, पण साडेपाच इंची. मध्ये एक जाड प्लेट घ्यायची, तिच्यात साडेचारची पाच भोकं आणि साडेपाचची पाच भोकं, एकीकडे हब, दुसरीकडे जीपचं चाक. अगदी बरोबर विचार. मिस्त्रीने दोन्ही वर्तुळं काढली, दोन्हींना वरच्या बाजूने सुरुवात केली आणि ड्रिल लावलं. दोन वर्तुळांत अंतर अर्ध्या इंचाचं, भोकं अर्ध्या इंचापेक्षा मोठी. साहजिकच आतलं भोक आणि बाहेरचं भोक एकमेकांत शिरलं आणि प्लेटवर एक आठाचा आकडा तयार झाला. दुसऱ्या भोकाला दुसरा आठ. तिसऱ्याला ड्रिल टेकवायच्या आत पुतण्या ओरडला, "मिस्त्रीकाका, एक वर्तुळ छत्तीस अंशांनी फिरवा!" म्हणजे बाहेरची भोकं आतल्यांच्या मध्ये येतील, एकमेकांना शिवणार नाहीत. मिस्त्रीने ड्रिल बंद केलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे छत्तीस तू मगाशीच बोलला होतास ना रे?" त्या दिवसापासून त्या पोराला मिश्या आल्या.

मिस्त्रीच्या शेडच्या दाराला आतून खडूने आकडे लिहिलेले असतात. कुठल्या वाडीचा टिलर, किती भोकं, किती इंच, किती सूत. पंचक्रोशीतल्या चाकांचा हा सातबारा. सरकारी अनुदानातून ज्याने त्याने जी मिळाली त्या कंपनीची मशीन आणली, त्यामुळे एका गावात चार भोकांचे, पाच भोकांचे, सहा भोकांचे आणि काही नुसत्या षटकोनी दांड्याचे टिलर सुखाने नांदतात, आणि कुणाचं चाक कुणाला बसत नाही. हे सगळं फक्त त्या दारावर आहे. दरवर्षी दिवाळीला दाराला रंग काढायचा असतो आणि मिस्त्री काढू देत नाही. त्याची बायको त्याला आळशी म्हणते.

पत्र्यावरचा ठसा, पुतण्याचा गुणाकार आणि मिस्त्रीचं नवीन ड्रिल बिट, असं सगळं जुळून फिटरकाकांच्या टिलरला अखेर या खेपेला हवी तशी केज व्हील बसली. नट हाताने फिरत शेवटपर्यंत गेले. काका बांधावर उभे राहून बघत होते. तेवढ्यात पलीकडच्या वाडीतले त्यांचे साडू पायवाटेने आले, चाकाभोवती एक फेरी मारली, लोखंडावर टिचकी मारली.

"झकास झाली हो. दोन दिवस द्याल काय? माझी खाचरं राह्यलीत."

"न्या की. तुमच्या टिलरला भोकं किती?"

साडूंनी दोन हात हवेत धरले.

"एवढी."